खंडेनवमीला चालू झालेलं लेथ

वागळे इस्टेटमध्ये माझ्या थोरल्या बहिणीचं छोटं वर्कशॉप आहे. पूर्वी तिथे पंपांचे सुटे भाग बनत, अलीकडे तोफगोळ्यांच्या तोंडाची बुचं बनतात. तिचा मुलगा सैन्यात आहे, सीमेवर.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि पूजा झालेलं मशीन त्या दिवशी चालवत नाहीत. यंदाही प्रत्येक लेथला झेंडूचा हार होता. सकाळी एक स्थानिक पुढारी येऊन पत्र्याची तलवार उपसून फोटो काढून गेले. खरी युद्धसामग्री मागे खोक्यांत होती. लोणच्याच्या बरणीच्या झाकणांसारख्या दिसणाऱ्या त्या बुचांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

माल दुसऱ्या दिवशी जायचा होता आणि थोडं काम राहिलं होतं. ताई एका लेथचा हार काढू लागली.

"ताई, आजचा दिवस तरी राहू दे."

"आपल्याकडे दारूगोळा आहे हे कळलं, की जमीन बळकावायला कुणी येत नाही. माझं पोर नुसता पहारा करून घरी येतं."

"पलीकडेही एखादी बाई हेच म्हणून मशीन चालवत असेल."

"असेल की! मग आधी मी बंद करू? एवढी पुस्तकं वाचतोस, सांग ना."

तयारीमुळे टळलेली युद्धं मी वाचली होती आणि तयारीमुळेच पेटलेलीही.

"बोलत नाहीस तर हार तरी धर," ती म्हणाली.

मी हार धरला. लेथ सुरू झालं. थोड्या वेळाने बुचं भराभर पुरी व्हावीत असं मलाही वाटू लागलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.