पहिलं देवीचं

मंगळवार होता. नववीची घटक चाचणी चालू होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने पेशीची आकृती छान काढली होती, फक्त केंद्रक पेशीच्या बाहेर पडलं होतं. तिला काही सांगणार, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दोंडाईच्याहून संजयचा, माझ्या भाच्याचा.

"मामा, आई गेली. सकाळी पूजा केली, चहा घेतला, जरा पडते म्हणाली. बस."

मी "बरं" म्हणालो. त्या मुलीला केंद्रक आत घ्यायला सांगितलं. पेपर गोळा केले, मोजले, गठ्ठा बांधला. मग आमच्या ग्रुपवर दोन शब्द टाकले: "अक्का गेली."

ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. धुळ्याचे डॉक्टर, म्हणजे दातांचे. जळगावात घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले इक्बालभाई. आणि मी, शाळामास्तर. रविवारी कॅमेरे घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी शोधत फिरायचं, एवढाच आमचा नाद. गाडीतली चौथी माझी थोरली बहीण, अक्का. तिच्याकडे कॅमेरा नव्हता. शनिवारी संध्याकाळी दोंडाईच्याहून रेल्वेने माझ्याकडे जळगावला यायची, रविवारी पहाटे भाकरीचा डबा मांडीवर घेऊन गाडीत मागे बसायची.

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कुणी गोळा करत नाही. गेल्यावर चहा पिताना एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि मग कळतं, अरे, हे तर पोतंभर साचलेत! आता आम्ही भेटलो की हेच चालतं. मला मात्र अक्काला एक प्रश्न विचारायचा होता. तीन आठवडे तो तोंडाशी येऊन परत जात होता. येत्या रविवारी विचारू, असं ठरवलं होतं.

*

अक्का पहिल्यांदा आली ती पक्ष्यांसाठी नव्हे, मनुदेवीच्या दर्शनासाठी. "तुम्ही तठेच जातस ना? मग मले मंदिरपाशी उतारी द्या," म्हणाली. संजयचे वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

मंदिराच्या अलीकडे आम्ही तिघं गाडीतून उतरलो. पिंगळ्याचा आवाज येत होता, पण दिसत नव्हता. डॉक्टरांनी नवी लेन्स आणली होती, हातभर लांब. ती ट्रायपॉडवर चढवून पाव तास त्यांनी सागाची पानं तपासली. अक्का गाडीतच होती. काच खाली करून म्हणाली, "तो काय, बठेल शे! सागनी तिसरी फांदीवर."

खरंच होता!

"डॉक्टर, येवढी मोठी तोफ आनेल शे, तरी तुमले दिसत नही?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. म्हणाले, "मास्तर, लेन्स परत करतो. पुढच्या रविवारी अक्कांना आणा."

*

अक्काचा एकच नियम होता. रानात शिरल्यावर जे पहिलं दिसेल त्याचा फोटो काढायचा नाही. ते देवीचं. घरात पहिलं ताट नैवेद्याचं असतं, तसं. "पहिलं देवीनं," ती म्हणायची. दुसऱ्यापासून पुढचं आपलं.

आम्हाला त्यात गैरसोय वाटली नाही. पहिलं दिसायचं ते बहुधा वेडा राघू नाहीतर कोतवाल. देवीला देऊन टाकायला सोपं!

मग पाल गावाच्या रस्त्यावर एका सकाळी वळण घेतलं आणि समोर बिबट्या. रस्त्याच्या मधोमध. उन्हात अंग चमकत होतं. त्याआधी आम्हाला चिमणीसुद्धा दिसली नव्हती.

डॉक्टरांनी कॅमेरा उचलला. मागून अक्काचा हात आला आणि लेन्सवर बसला. "हात खाले! पहिलं देवीनं!"

बिबट्याने आमच्याकडे बघितलं. बसला. पंजा चाटला. निवांत उठला आणि गेला. डॉक्टरांनी यावलला गाडी थांबवायला लावली. चहाच्या टपरीवर कप खाली ठेवून म्हणाले, "अक्का, देवीला आज एवढं मोठं ताट गेलं. प्रसाद म्हणून निदान शेपूट तरी घेऊ द्यायची!"

अक्काने डबा उघडला आणि त्यांना भाकरी दिली.

*

बिबट्यानंतर इक्बालभाईंनी युक्ती काढली. गाडी जळगावच्या बाहेर पडते न पडते तोच ओरडायचे, "अक्का, कावळा! कावळा दिसला! देवीचं झालं!"

अक्का म्हणाली, "इक्बालभाऊ, देवीले कावळा देतस? घर पाहुणा उना तर त्याले शिळी भाकर वाढतस का तुम्ही?"

पुढच्या रविवारी इक्बालभाईंनी हिशेबाने पुढे जाऊन तापीच्या पुलावर खंड्या दाखवला. "हा चालेल? निळा आहे. ताजा आहे."

अक्का हसली. "चाली," म्हणाली. तेव्हापासून तापीचा पूल आला की चौघंही खिडकीला!

*

मनुदेवीच्या वाटेवर ओढ्याकाठी इक्बालभाई एकदा दुपारची नमाज पढत होते. रुमाल अंथरलेला, डोकं टेकलेलं. तेवढ्यात त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर नवरंग उतरला. ज्याच्यासाठी आम्ही दोन उन्हाळे घालवले होते तो! पानं उलटी करत किडे वेचू लागला.

पहिलं केव्हाच देवीला देऊन झालं होतं. डॉक्टरांनी कॅमेरा हळूच वर घेतला. अक्काने मान हलवली. "त्यास्नं ध्यान देवकडे शे. आवाज व्हई."

आम्ही तिघं दगडासारखे उभे. नमाज संपली, पक्षी उडाला. मी म्हणालो, "इक्बालभाई, तुमच्या डोक्याशी काय होतं माहितीये?"

"दिसला ना! डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. पण उठून कॅमेरा कसा घेऊ, मास्तर? पहिलं देवाचं. तुमच्या अक्कांनीच शिकवलंय."

अक्काने त्या दिवशी त्यांना चटणी दुप्पट वाढली.

*

एकदा डॉक्टरांनी तिच्या हातात कॅमेरा दिला. "एक फोटो तुम्ही काढा, अक्का. जे आवडेल ते." आणि आम्ही पुन्हा पाण्यावरची बदकं बघायला लागलो. हतनूर धरणाचं बॅकवॉटर होतं ते.

घरी येऊन बघितलं तर तीन पाठी. ओळीने वाकलेले आम्ही तिघं, माझा सदरा पॅन्टमधून सुटलेला.

"अक्का, एवढे पक्षी होते!"

"मले तर हाईच तीन जनावरं दिसनात."

आमच्या हिने तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. म्हणाली, "या घराच्या भिंतीवर वीस वर्षांत पहिल्यांदा माणूस आला, तोही पाठमोरा!"

*

दशक्रियेला डॉक्टर आणि इक्बालभाई दोघंही दोंडाईच्याला आले. नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. संजयने हात जोडून सांगितलं, "आई, घर नीट सांभाळीन." अक्काच्या मुलींनी काही काही सांगितलं. ऊन चढलं. म्हातारे म्हणाले, मनात काही राहिलं असेल.

इक्बालभाई माझ्या कानाशी आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मास्तर, कावळ्याच्या बाबतीत मी त्यांना फार फसवलंय. त्याचाच राग असेल."

मग ते पुढे झाले आणि लाजत, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, यापुढे कावळा नाही. खंड्याच."

थोड्या वेळाने कावळा शिवला. कशाने शिवला कोण जाणे. मी काही बोललो नव्हतो. मला बोलायचं नव्हतं, विचारायचं होतं.

*

हा शेवटचा. ती जाण्याआधी तीन आठवड्यांचा.

त्या रविवारी धुकं होतं. तापीच्या पुलावर खंड्या नव्हता. पुढे केळीच्या बागा संपल्या, फाटा मागे पडला, तरी काहीच दिसेना. मंदिराच्या रस्त्याला लागलो तेव्हा अक्काच म्हणाली, "थांबा."

रस्त्याच्या कडेला वडाखाली वानरी बसली होती. टोळी वर झाडावर होती, ही एकटी खाली. छातीशी पिल्लू. जवळ गेल्यावर कळलं, पिल्लाची मान लोंबत होती. मेलेलं होतं, दोन-तीन दिवसांपूर्वीचं असावं. ती त्याच्या अंगावरची माशी उडवत होती आणि केस विंचरल्यासारखी बोटं फिरवत होती.

दिवसभरातलं ते पहिलं होतं. डॉक्टरांनी सवयीने कॅमेरा उचलला, मग सवयीनेच खाली ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "देवीचं ना, अक्का?"

"नही," अक्का म्हणाली. "हाई देवीनं नही. हाई तिनंच ऱ्हाऊ द्या."

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत तिने नियम पहिल्यांदाच मोडला होता.

ती दार उघडून उतरली. वानरीपासून लांब, रस्त्याच्या अलीकडच्या कडेला खाली बसली. डबा उघडला नाही. पाऊण तास तिथे बसून होती. ही इकडे, ती तिकडे. मग टोळी पुढे सरकली, तेव्हा वानरी एका हाताने पिल्लू धरून तीन पायांवर त्यांच्या मागे गेली.

अक्का गाडीत येऊन बसली. खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "बापू, मना पहिला पोऱ्या गया तवय माय बी हाईच म्हने. रडू नको, पहिलं देवीनं ऱ्हास."

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. अक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशासाठी पाळणा आणला होता, हे मला आठवतं. बारसं झालेलंही अंधुक आठवतं, घुगऱ्या खाल्ल्या होत्या. पुढे काही दिवसांनी तो पाळणा माळ्यावर गेला. आई गेली, भावजी गेले. संजय त्या बाळानंतर चार वर्षांनी झाला. त्याला आपल्याआधी कुणी होतं हेच माहीत नाही.

त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं, हे मी अक्काला विचारलं नाही.