मुलींमुळे बिघडणारे निष्कर्ष

गुडघ्याच्या दुखापतींवर संशोधन करणारे एक सर आमच्या शाळेच्या मैदानावर आले. त्यांनी खो-खोच्या मुलांना रांगेत बसवलं. माझी मैत्रीण शुभदा गुडघ्याला पट्टा बांधून खेळायची. तीही रांगेत जाऊन बसली.

"मुली नकोत, ताई," सर हसून म्हणाले. "पाळीमुळे तुमचं शरीर बदलत राहतं. निष्कर्ष बिघडतात."

"पण सर, माझा गुडघा याच शरीरात आहे," शुभदा म्हणाली.

मुलं फिदीफिदी हसली. माझं डोकं सणकलं. निम्मी माणसं वगळून हे कसले निष्कर्ष काढणार? आणि उद्या त्यावरूनच आम्हाला व्यायाम सांगणार!

शुभदा उठली नाही. मी तिच्याशेजारी बसले, मग आमचा मुलींचा अख्खा संघ बसला. सर मुलांना घेऊन वर्गात गेले. आम्ही अंधार पडेपर्यंत मैदान सोडलं नाही.