फौजी माणसाला इसार मागायचा नसतो

राग कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि कॉलेजात लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या शेवटी मी कुणाचे ना कुणाचे आभार मानलेले आहेत. इथं मानणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची ती लायकी नाही.

आमचं गाव मेढ्याच्या अलीकडं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा फौजेतून रिटायर झाले आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा ते घरी आले आणि ओट्यावर बसले. बसले ते बसलेच. दाढी करायची सोडली. आयुष्यभर पहाटे उठून बूट चकचकीत करणारा माणूस ऊन अंगावर येईपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागला. आई बोलली की चिडायचे, नाही बोलली तरी चिडायचे.

मग चुलत्यांनी भंगारात घालायला काढलेली एक गॅसबत्ती ते घरी घेऊन आले. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरून चालायचे तसली, पितळी टाकीची, रॉकेल भरून पंपानं हवा मारायची. पंपाचा चामड्याचा वायसर वाळून गेला होता. आप्पांनी आपल्या जुन्या बुटाचं चामडं कापून नवा बनवला, आणि त्या संध्याकाळी बत्ती फुसफुसत पेटली. दुसऱ्या दिवशी मी उठले तर ते आरशासमोर साबण लावून उभे होते.

मागच्या छपरीत हळूहळू आप्पांनी दुरुस्त केलेल्या बत्त्या जमल्या. विकल्या गेल्या नाहीत तर हा हुरूप टिकणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी त्यांना म्हटलं, जुन्या वस्तूंचा लिलाव होतो असा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथं टाकूया. रविवारी फोटो टाकायचा, लोक खाली आकडे लिहीत जातात, संध्याकाळी पाचला शेवटचा आकडा ज्याचा त्याला वस्तू. त्यानं पैसे पाठवायचे, आपण पार्सल करायचं. आप्पांना हे फार आवडलं. पाच वाजायच्या आत ते चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायचे.

पहिल्या बत्त्या नीट गेल्या. मग ती जमात भेटली. बोली जिंकायची, अंगठ्याची आणि हार घातलेली चित्रं स्वीकारायची आणि गायब व्हायचं. एकानं लिहिलं, बायको नको म्हणते. मग बायकोला विचारून बोली लाव ना. दुसरा म्हणाला, आकडा पोरानं चुकून टाकला. पोरगं चुकून तीन वेळा वाढवून टाकतं का? तिसऱ्यानं काही न बोलता मला ब्लॉक केलं. अॅडमिनकडं तक्रार केली तर तो म्हणाला, "ताई, ग्रुपचा माहोल खराब करू नका." फसवणाऱ्यांनी माहोल खराब होत नव्हता, माझ्या तक्रारीनं होत होता.

प्रत्येक वेळी आप्पा बत्ती गवतात बांधून, खोक्यात ठेवून, वर दोरी आवळून तयार करायचे. प्रत्येक वेळी ते खोकं मी पुन्हा सोडायचे. तिसरं खोकं सोडलं तेव्हा ते छपरीच्या दारात उभे होते.

"आता एकच टाक," ते म्हणाले. "काचवाली. ती बी परत आली तर छपरीला कुलूप. हत्यारं भंगारात."

ते उगाच बोलत नाहीत. कुलूप म्हणजे परत ओटा, परत वाढलेली दाढी, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

काचवाली बत्ती त्यांची सगळ्यात चांगली. मूळची काच, एकही तडा नाही. मी फोटोखाली लिहून टाकलं की या वेळी जिंकणाऱ्यानं लगेच इसार पाठवायचा. आमच्याकडं जनावराच्या बाजारातसुद्धा बैल सोडायच्या आधी थोडे पैसे हातावर ठेवतात, तोच इसार. सौदा पक्का झाल्याची खूण.

पाचला दोघंच उरले. एक पाचगणीचा हॉटेलवाला, त्याला हॉटेलात शोभेला टांगायची होती. दुसरा सांगलीचा, आणि त्याचा फोटो वर्दीतला. सांगलीवाला जिंकला. आप्पांनी फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"ह्याला इसार मागू नको."

"आवं आप्पा, नियम लिवलाय ना वर."

"नियम शिव्हिलवाल्यांना. फौजी माणसाला इसार मागायचा नसतो. त्यो शबुद देतो."

आमच्या भागात घराआड फौजी आहे. उधारीच्या दुकानातसुद्धा त्यांच्याकडून कुणी आधी पैसे घेत नाही. मी नियम पुसला. हॉटेलवाल्यानं दोन दिवसांत दुसरीकडून बत्ती घेतली.

पुढं काय झालं ते कुणीही सांगेल. सांगलीवाल्याच्या बँकेचा आधी सर्व्हर बंद. मग सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय. मग नुसत्या निळ्या खुणा, वाचलं पण उत्तर नाही. आप्पा रोज विचारायचे, "आलं का?" आणि मी "येईल" म्हणायचे. शेवटी त्याचा फोन आला. "पार्सलमधी काच फुटंल पोरी. घरी आणून दे. हातावर पैसं ठेवतो."

मी गेले. साताऱ्याहून सांगलीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, ठेव की खाली. मी ठेवलं नाही.

घर दुमजली, दारात नवी मोटार. अंगणात खुर्च्या टाकून तिघं बसलेले. मधला तोच, फोटोपेक्षा जाड.

"आली बघा आमची गॅसबत्ती!" तो मित्रांना म्हणाला. "म्हटलं नव्हतं, आणून देती म्हणून?"

मी दोरी सोडली. त्यानं बत्ती उचलून काचेवर टिचकी मारली.

"फोटोत मोठी दिसत हुती गं."

"काका, उंची लिहिली होती."

"लिवल्यालं कोण वाचतंय?" एक मित्र हसला. दुसरा म्हणाला, "आरं, ह्याचं असंच हाय. गेल्या म्हैन्यात तलवार जिंकला. हाय कुठं तलवार?" मग तिघंही हसले. त्यांच्यासाठी हा रविवारचा खेळ होता. जिंकायचं, ग्रुपवर 'जय हिंद साहेब, अभिनंदन' वाचायचं आणि चहा प्यायचा. वस्तू कुणाला हवी होती?

"निम्मं देतो," तो म्हणाला.

"बोली तुम्हीच लावली होती."

"बोलीचं काय घिऊन बसलीस? एवढ्या लांब आणलीयस. आता वज्जं परत न्हेणार हायस व्हय?"

त्यासाठीच त्यानं मला बोलावलं होतं. निम्मे घेतले तर आप्पांना बत्ती गेली एवढंच सांगता आलं असतं. उरलेले मी शिकवणीच्या पैशातून भरले असते आणि छपरी उघडी राहिली असती. परत नेली तर कुलूप. त्यानं खिशातून नोटा काढून खुर्चीच्या हातावर ठेवल्या, भिकाऱ्यापुढं टाकतात तशा. मग मी बत्ती त्याच्या हातातून घेतली. ओढूनच घेतली.

"लय तोरा हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "शिकल्याली दिसती."

उलटून बोलायला हवं होतं. एक शब्द सुचला नाही. बसमध्ये बसल्यावर पंचवीस सुचले, त्यातले निम्मे इथं लिहिता येणार नाहीत.

आप्पा फाट्यावर उभे होते. माझ्या हातात खोकं दिसलं आणि त्यांनी मान खाली घातली. खोकं माझ्याकडून घेऊन ते घरी चालायला लागले. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. टिचकी, तलवार, खुर्चीवरच्या नोटा. काही लपवलं नाही. निम्मे पैसे देत होता हेही सांगितलं, आणि आता कुलूप कुठं आहे ते विचारतील म्हणून थांबले.

"निम्म्यात दिली न्हाईस?"

"न्हाई."

"का?"

"तुमी बनवलीया म्हणून," मी म्हटलं. याहून चांगलं काही आलं नाही तोंडात.

त्यांनी खोकं उघडून काचेवरून अंगठा फिरवला. "निम्म्यात दिऊन आली असतीस आन् मला खोटं सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मला कळलंच असतं. मग मी हत्याराला हात लावला नसता." मग हात पुढं केला. "लाव फोन त्याला. ह्यो मोठ्यानं बोलू दे."

मी स्पीकर लावला. तिकडून "हां पोरी, काय ठरलं?" असं आलं.

"पोरगी न्हाई, बाप बोलतोय. जय हिंद."

"जय हिंद, जय हिंद. बोला साहेब."

"पलटण कुठली तुमची?"

त्यानं सांगितली. आप्पांनी डोळे मिटले. म्हणजे तो खरोखरच फौजी होता. खोटा असता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मलाही वाटलं.

"पुन्यांदा लिलावात त्या पलटणीचं नाव घिऊ नका," आप्पा म्हणाले. "वर्दीचा फोटू काढा तिथनं. माझी पोर दारात हुबी ऱ्हायली, तिला पाणी तरी इचारलं का?"

"आवं साहेब, तुमी मनावर घेताय..."

"मग कशावर घिऊ?" आप्पा ओरडले आणि फोन माझ्याकडं फेकला.

त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी किती तरी दिवसांनी ऐकलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. आप्पा उठले, कोपऱ्यात पडलेली एका बत्तीची वाकडी टाकी उचलून मला दाखवली.

"हिचा पोचा काढतो, ही टाक रविवारी. खाली लिव, इसार आल्याबिगर बोली धरणार न्हाई. फौजी असंल तर इसार डबल."

मी रविवारची वाट न बघता ती ओळ ग्रुपवर टाकून दिली. तासाभरात ग्रुपवर धुरळा उडाला. हा जवानांचा अपमान आहे, माफी मागा, मुलीला काढून टाका. अॅडमिनचा फोन आला की ओळ पुसा. मी पहिल्यांदाच त्याला नाही म्हणाले. पाच-सहा जण ग्रुप सोडून गेले, त्यात सांगलीचाही होता.

मी आप्पांना ते वाचून दाखवलं. टाकीचा पोचा ठोकता ठोकता ते म्हणाले, "जाऊ दे. गर्दी कमी झाली."