लाईन चारची बातमी

मलेशियातल्या पिनांगच्या आमच्या कारखान्यात रोकिया सव्वीस वर्षे होती. त्यातली अकरा वर्षे लाईन चारची प्रमुख. सगळे तिला 'कक', म्हणजे मलय भाषेत ताई, म्हणत. मी शेजारच्याच मालखरेदी विभागात.

आमच्याकडे पाळीआधी दहा मिनिटे उभी सभा होते. लाईनप्रमुख कंपनीची सूचना वाचतो, कामगार "समजलं" म्हणतात आणि मशीन सुरू होतात.

मार्चमध्ये व्हिएतनामच्या कारखान्यातून सहा तंत्रज्ञ आले. व्यवस्थापक थियाम म्हणाले, "कक, यांना सगळं शिकवा. हातचं काही राखू नका." तिने राखलं नाही. मशीनचा आवाज बदलला की कोणता स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, तेही दाखवलं. रविवारी सहाही जणांना घरी जेवायला नेलं.

मे महिन्यात कॅंटीनमध्ये तिच्या लाईनवरच्या नोराइनीने फोन पुढे केला. "हा सिंगापूरचा ब्लॉगवाला लिहितोय, डिसेंबरात लाईन चार व्हिएतनामला जाणार."

"त्याला आपल्या लाईनचं काय माहीत?"

"तुझ्यापेक्षा जास्त दिसतंय, कक. हसू नकोस. दुसऱ्या कारखान्याने मला बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. जाऊ की राहू?"

रोकियाने थियामना विचारलं. ते म्हणाले, "कारखाना मी चालवतो की तो ब्लॉगवाला? अफवा आहे. उद्या सभेत तसं सांगून टाका."

तिने सांगितलं. "समजलं," लाईनवरच्या बायका म्हणाल्या. नोराइनीने ती नोकरी नाकारली.

सात आठवड्यांनी, जुलैमध्ये, सूचना आली. लाईन चार डिसेंबरात बंद. खाली संचालकांच्या मंजुरीची तारीख होती, नऊ फेब्रुवारी. रोकियाने तारखेसकट सगळं वाचलं. कोणीच "समजलं" म्हणालं नाही.

"फेब्रुवारीत ठरलं होतं," ती म्हणाली. "मार्चमध्ये मी शिकवलं. मेमध्ये तुमच्याशी खोटं बोलले."

"तू नाही बोललीस, कक. त्यांनी तुझ्याकडून वदवून घेतलं," नोराइनी म्हणाली.

"तोंड माझंच होतं ना?"

थियाम यांच्या टेबलावरच्या सुट्टीच्या अर्जावर मी तिची सही पाहिली. अकरा वर्षांतली पहिली अर्ध्या दिवसाची सुट्टी. त्याच दुपारी नोराइनीला स्कूटरवर मागे बसवून ती त्या दुसऱ्या कारखान्याच्या फाटकाशी गेली. "चूक माझी आहे, हिची नाही," असं तिने तिथल्या नोकरभरतीच्या बाईंना तीनदा सांगितलं.

जागा जूनमध्येच भरली होती.