चौदावं नाव

विभागात सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा. तातडीच्या उपचारांच्या त्या विभागात ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. नवे डॉक्टर पुढचं शिक्षण घ्यायला येत, त्यांचे अर्ज लावायचे, मुलाखती ठरवायच्या आणि शेवटी निवडीची यादी टाइप करायची, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. टेबल नेमकं स्ट्रेचरच्या वाटेवर. दिवसातून तीन-चारदा चाक टेबलाच्या पायाला धडके आणि ती मान वर न करता म्हणे, "टेबल ठीक आहे, पेशंट बघा."

मुलाखतीला आलेल्या मुलांना तीच आधी जोखायची.

"तो निळ्या टायवाला तीनदा आरशात बघून आला, सर. पेशंटकडे कधी बघणार?"

सर हसायचे आणि टायवाल्याचं नाव दोन पायऱ्या खाली जायचं.

यादीची रीत साधी होती. उमेदवार हवे ते विभाग क्रमाने लिहितात, विभाग हवे ते उमेदवार क्रमाने लिहितात आणि संगणक दोघांची गाठ घालतो. विभागाच्या यादीत नाव नसेल तर गाठ पडत नाही, आणि पडलेली गाठ सुटत नाही. ज्यांची कुठेच पडली नाही, त्यांना मग उरलेल्या जागा.

पूर्वी आठ जागांना बारा नावं पुरून उरायची. पण गेली काही वर्षं वारं फिरलं होतं. वॉर्डात खाट मिळेना म्हणून पेशंट दोन-दोन दिवस विभागाच्या बोळातच पडून राहत. नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून येत. मुलं अर्ज तर करत, पण यादीत या विभागाला अगदी तळाशी टाकत.

"सगळ्यांना कातडीचे डॉक्टर व्हायचंय," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "पुरळ रविवारी दुपारी कोणी उचलून आणत नाही ना!"

तरी एकीला इथेच यायचं होतं. ताईच्या बहिणीची मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. इंटर्नशिपचे दोन महिने तिने याच विभागात काढले होते. एका गवंड्याचा निखळलेला खांदा तिने गप्पा मारता मारता जागेवर बसवला, तेव्हा सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला होता, "अगं, त्याला कळलं तरी का?" आईला एकटं सोडून तिला परगावी जायचं नव्हतं, आणि शहरात असा विभाग हा एकच.

तिच्या मुलाखतीला ताई उठून बाहेर गेली. "माझी भाची आहे, सर. मी नाही थांबत."

गुण लागले. भिंगरी चौदावी.

"वरची बारा ठेवा," सर म्हणाले.

"सर, गेल्या वर्षी अकराव्या नावापर्यंत उतरावं लागलं होतं. या वर्षी तीस तरी..."

"ताई, तिसाव्या नावापर्यंत उतरलो तर लोक म्हणतील, यांच्याकडे कोणी येत नाही."

तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. पुन्हा बोलायला हवं होतं, पण चौदावं नाव समोर दिसत होतं. पुन्हा बोलली असती, तर सरांना ती भाचीसाठी बोलतेय असंच वाटलं असतं. तिने तेराव्यापासून खालची नावं पुसली आणि यादी बंद केली.

त्याच संध्याकाळी भिंगरीचा फोन आला.

"मावशी, मी फक्त तुमचाच विभाग लिहिते. दुसरं काही करायचंच नाहीये मला."

यादीतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम तिने एकोणीस वर्षं पाळला होता.

"अगं वेडाबाई, खाली एखादं दुसरं नाव असू दे."

"पॅथॉलॉजी लिहू? आयुष्यभर काचपट्ट्या बघत बसू?"

"लिही. माझं ऐक."

"मावशी, तुला काही माहितीय का?"

"मला काय माहीत असणार? लिही म्हणते ना!"

निकाल दुपारी बारा वाजता लागला. सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर तीन नावं होती. सरांनी ती दोनदा मोजली.

"पाच रिकाम्या?"

"पाच, सर."

ते स्ट्रेचरच्या कडेला टेकले. असं बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. मग एकदम म्हणाले, "तुमची भाची! चौदावी होती ना? सिस्टर सारखं तिचंच नाव घेतात. तिची कुठेच गाठ पडली नसेल, तर उद्या पहिली जागा तिला."

ताईने फोनकडे पाहिलं. भिंगरीचा निरोप येऊन पडला होता, एकच शब्द: पॅथॉलॉजी.

"तिला मिळाली जागा, सर. पॅथॉलॉजीत."

"अरे वा! अभिनंदन!" सर मनापासून म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं. "सोडता नाही येणार?"

"नाही. तुम्हाला माहितीय, सर."

तिने बोळाच्या टोकाला जाऊन भिंगरीला फोन लावला.

"तुमच्याकडे किती उरल्या, मावशी?"

उरलेल्या जागांची यादी तासाभरात सगळ्यांना दिसणार होती. खोटं बोलून काय मिळणार होतं?

"पाच."



"म्हणजे मी दुसरं काहीच लिहिलं नसतं तर..."

"भिंगरे, ऐक..."

"आईला बोलायचंय तुझ्याशी. देते."

फोन बहिणीच्या हातात गेला. ती रडत होती आणि हसतही होती. "तू होतीस म्हणून झालं गं हे! नाहीतर ही हट्टी कार्टी एकच नाव लिहून घरी बसली असती. मी शेजारी सगळ्यांना सांगितलं, मावशीनेच मार्गी लावलं म्हणून."

"हो," ताई म्हणाली. 

"आणि पॅथॉलॉजीला रात्रपाळी नाही, मारामारी नाही. हो ना?"

"हो."

"ताई!" सर टेबलापाशी उभे राहून हाक मारत होते. "कुठेच न लागलेल्यांचे नंबर काढा. उद्या सकाळपासून फोन करायचेत."