जर्मन बाईंनी बसवलेलं नाटक

आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक एका वर्षी जर्मन बाईंनी बसवलं, त्याला कारण माझ्या नवऱ्याचा शिष्टाचार. बाई म्हणजे ह्यांच्या साहेबांच्या पत्नी. त्यांच्या गावी त्या नाटकं बसवायच्या. शारजात आल्यापासून मात्र खाडीकडे बघत बसण्यापलीकडे त्यांना काही काम नव्हतं. ऑफिसच्या पार्टीत हे सहज म्हणाले, "मॅडम, कधीतरी आमच्या नाटकालाही मार्गदर्शन करा." बाईंनी लगेच विचारलं, "तालीम कुठे असते?"

शुक्रवारी सकाळी त्या अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटवर हजर. नाटक मंडळातल्याच एका सभासदानं लिहिलेलं. मुलाला परदेशी जायचं असतं, वडील विरोध करतात आणि शेवटी मोठं भाषण करून परवानगी देतात. वडील अर्थातच हे. शेवटच्या भाषणात हे दरवर्षी रडत, नाटक कुठलंही असो.

ह्यांनी बाईंना इंग्रजीत कथानक सांगायला घेतलं, तर त्यांनी हात वर केला. "गोष्ट नको. तुम्ही वाचा, मी ऐकते." त्या डोळे मिटून बसल्या. वाचन संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकाच सुरात बोलता. आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळीसाठी थांबता."

मराठीचा एक शब्द न येणाऱ्या बाईला हे कसं कळलं, यावर जेवताना बरीच चर्चा झाली.

त्यांच्याकडे म्हणे हल्ली नाटक गाण्यासारखं बसवतात. आधी लय, अर्थ मागून येतो. त्यामुळे आमचं चालणं, खुर्ची सरकवणं, कपबशी ठेवणं, सगळं तालात आलं. मी आई होते. मला त्यांनी वाटाणे सोलायला बसवलं. दाणे स्टीलच्या ताटात टपटप पडायचे, मुलगा बॅगेची चेन ओढायचा आणि त्यावर ह्यांचं भाषण.

"अशानं माझं वाक्य कुणाला ऐकू येणार?" ह्यांनी विचारलं.

"नाही आलं तरी चालेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही काय बोलणार ते सगळ्यांना माहीतच असतं."

साहेबांची बायको, म्हणून हे हसले. ती गेल्यावर मला म्हणाले, "ही मला बॅकग्राउंड म्युझिक करून टाकणार."

शेवटी तडजोड झाली. भाषणाआधी वाटाणे आणि चेन थांबायची, बाई आमचा खिडकीतला एसी बंद करायच्या, आणि त्याची घरघर थांबली की हे बोलायला सुरुवात करायचे. एकदम पसरणारी ती शांतता ह्यांना आवडायला लागली होती.

प्रयोगाच्या हॉलमध्ये एसी सेंट्रल निघाला. मी वाटाणे थांबवले, मुलानं चेन थांबवली, आणि हे घरघर बंद व्हायची वाट बघत उभे राहिले. ती नव्हतीच, तर बंद कुठून होणार? मी हळूच म्हटलं, "अहो, बोला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. रडायचं राहून गेलं, भाषणही गेलं. रोजच्या आवाजात म्हणाले, "जा. पोचलास की फोन कर."

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तिथे बसलेल्या बहुतेकांना विमानतळावर कुणीतरी हेच सांगितलेलं होतं.

पडदा पडल्यावर मंडळाचे अध्यक्ष काळजीनं आत आले. "बरं नाही का? आज रडला नाहीत." आमची मुलगी म्हणाली, "बाबा, यू वर सो नॉर्मल टुडे." तिच्या परीनं ते कौतुक होतं. हे मात्र बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होते.

पुढच्या वर्षी मंडळानं व्हायोलिनची कॅसेट आणली. हे मनसोक्त रडले आणि टाळ्याही पडल्या.

साहेबांची बदली झाली तेव्हा बाई निरोपाच्या चहाला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं ते नाटक मी विसरणार नाही. शेवटी तो मुलगा किती शांतपणे मरतो."

नाटकात कुणीच मरत नव्हतं. मी त्यांना आणखी थोडा चहा दिला.