पेलाभर रस

अमेरिकेतल्या शबॉयगन गावच्या घरगुती बिअर मंडळात व्हर्लिन टॉस्केचा दरारा होता, आणि दरारा असलेल्या माणसावर कुणी माया करत नाही. एकतीस वर्षं काउंटीच्या जत्रेची बिअर त्यानेच केली. सातूचा गोड रस कुणाच्या हातून थेंबभर सांडला तरी तो चारचौघांत वाभाडे काढायचा. मंडळातल्या तरुण कर्टला तर त्याने एवढ्यावरून ऐन जानेवारीच्या बर्फात गॅरेजबाहेर उभं केलं होतं.

आता व्हर्लिनचे हात थरथरू लागले. तापलेला हंडा उचलणं संपलं. मंडळाने पंप आणला आणि ठरवलं: व्हर्लिनने तो एकट्याने चालवला तर यंदाची बिअर त्याची, नाहीतर कर्टची. म्हाताऱ्याला बायको उरली नव्हती, मुलगी फोन करत नव्हती. बिअर गेली की त्याला हाक मारायलाही कुणी राहणार नव्हतं. हे त्याला कळत होतं. कर्टलाही कळत होतं, म्हणून तर तो खुशीत होता.

शनिवारी सकाळी सगळे जमले. व्हर्लिनने पंप हंड्याखाली बसवला, नळ्या जोडल्या, पंपातून बाहेर जाणारी नळी वर ठेवलेल्या दुसऱ्या हंड्यात सोडली. तोटी उघडून बटण दाबलं. पंप नुसताच घुरघुरला.

"हवा अडकलीय," मंडळातली हिशेबी स्वभावाची डार्ला म्हणाली. "नळी खाली घे. पेलाभर रस जमिनीवर जाऊ दे, मग पंप रस धरेल."

"जमिनीवर? अक्कल गहाण टाकलीस का?"

"अरे, पंप कोरडा फिरून जळेल!"

"जळू दे. पंप तुमचा, रस माझा."

"राहू दे गं," कर्ट म्हणाला. "म्हातारबा सगळं स्वतः करणार आहेत. तोंडाने ओढ की, व्हर्लिन. आम्हाला तसंच शिकवलंस ना?"

हशा पिकला. व्हर्लिनने बटण बंद केलं आणि नळीचं टोक वरच्या हंड्यातून काढून तोंडात धरलं. रस किती तापलाय हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कुणी त्याला अडवलं नाही. पारदर्शक नळीत रस दिसताच तोंड काढून टोकावर अंगठा दाबायचा, एवढाच व्हर्लिनचा बेत होता. पण अंगठा जागेवर बसेना.

तो गुरासारखा ओरडला. नळी सुटून खाली पडली आणि लादीवर रस वाहिला, जेमतेम पेलाभर. कर्टने शांतपणे ती उचलून वर सोडली, बटण दाबलं. पंपाने रस धरला, धार सुरू झाली.

"बघ, एवढंच सांडायचं होतं," तो म्हणाला.

हवा मी काढली, पंप मी चालवला, असं व्हर्लिनला ओरडून सांगायचं होतं. पण जीभ सुजून टाळूला चिकटली होती. डार्लाने त्याच्या हातात बर्फ दिला.

"मग यंदा कर्ट," ती सगळ्यांना म्हणाली. "व्हर्लिन, तुझी काही हरकत?"

ती मोजून दोन क्षण थांबली.

"नाही म्हणतोय," कर्ट म्हणाला, आणि सगळे कामाला लागले.